एका किलोच्या बाळाचा खर्च कोण करतं?

एक किलो वजनाचं, दिवस भरण्याआधीच जन्मलेलं बाळ डोळ्यांसमोर आणा. त्याच्या अंगात एकूण रक्त असतं ८० ते ९० मिलीलिटर. परळच्या टपरीवर मिळणारा कटिंग चहाचा ग्लास साधारण तेवढ्याच मापाचा. एवढ्याशा रक्तावर मेंदू, हृदय, मूत्रपिंडं, आतडी अशा सगळ्यांचं भागत असतं. मोठ्या माणसाच्या दंडातून तपासणीसाठी ५ मिलीलिटर रक्त काढलं तर त्याला जाणवतही नाही. या बाळाच्या अंगातून तेवढंच काढलं, तर सगळ्या रक्ताचा सतरावा हिस्सा गेला. अशा दोन-तीन तपासण्या झाल्या की त्याला रक्त चढवायची वेळ येते. म्हणून लहान मुलांच्या रुग्णालयातली प्रयोगशाळासुद्धा वेगळी असावी लागते. तिला थेंबभर रक्तावर काम भागवता यायला हवं.

हेच बाळ श्वास घेतं तेव्हा एका श्वासात त्याच्या फुप्फुसात ४ ते ६ मिलीलिटर हवा जाते. मिनिटाला असे ४० ते ६० श्वास. व्हेंटिलेटर लावायचा झाला तर घशातून जी नळी घालतात तिचं आतलं तोंड अडीच मिलिमीटर रुंद असतं. ती अर्धा सेंटिमीटर जास्त आत गेली तरी एकाच फुप्फुसात शिरते आणि दुसरं उपाशी राहतं. औषधाचा डोस किलोच्या हिशेबानं काढावा लागतो आणि त्या हिशेबात दशांशचिन्ह एक घर सरकलं तर डोस दहापट होतो. म्हणून दोन सिस्टर एकाच इंजेक्शनचा हिशेब स्वतंत्रपणे करतात, एकमेकींशी पडताळतात आणि मगच सुई लावतात.

या बाळाच्या फुप्फुसांचीही एक गोष्ट आहे. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या इतक्या बारीक असतात की ओलाव्यामुळे त्या आपोआप मिटून चिकटतील. तसं होऊ नये म्हणून शरीर सर्फॅक्टंट नावाचा एक साबणासारखा थर तयार करतं. आईच्या पोटात चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास तो पुरेसा साठतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासाला मिटलेली फुप्फुसं नव्यानं उघडावी लागतात. थकतं ते. अशा बाळांच्या फुप्फुसात हाच थर नसतो, हे मेरी एलन एव्हरी या अमेरिकी डॉक्टरनं १९५९ साली दाखवून दिलं. तरीही ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजारानं दोन दिवसही जगला नाही. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या मुलासाठी तेव्हा इलाज नव्हता. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला सर्फॅक्टंट बाळांच्या श्वासनलिकेत सोडून त्यांना वाचवल्याचं प्रसिद्ध केलं. आज गोवंडीच्या किंवा जव्हारच्या मजुराच्या बाळाला ते औषध मिळू शकतं. केनेडींना जे विकत घेता आलं नाही ते नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या बापाच्या मुलाला मिळतं, याचं मला फार नवल वाटतं. विज्ञान तर थोर आहेच. पण त्या औषधाच्या एका बाटलीची किंमत हजारांत असते आणि बापाच्या खिशात तेवढे पैसे नसतात. मग ती बाटली त्या वॉर्डातल्या फ्रिजपर्यंत येते कशी, हे शोधायला गेलं की शास्त्राइतकीच अजब वाटणारी दुसरी यंत्रणा दिसू लागते.

लहान मुलांचं रुग्णालय हा मुळातच पैशाच्या दृष्टीनं वेडा उद्योग आहे. रुग्ण जितका लहान तितके त्याच्याभोवती हात जास्त लागतात. मोठ्यांच्या वॉर्डात एक सिस्टर बऱ्याच खाटा सांभाळू शकते. पण अतिदक्षता कक्षातल्या काचेच्या पेटीतल्या बाळांमागे एकीला एक, फार तर दोन. ते बाळ सातव्या महिन्यात जन्मलं असेल तर ते साधारण मूळ तारीख येईपर्यंत तिथंच राहतं. म्हणजे दीड-दोन महिने. रोज तीन पाळ्या. यातला कुठलाही खर्च यंत्र आणून कमी करता येत नाही, कारण बाळाचा रंग बदलला हे ओळखणं, त्याला कुशीवर वळवणं, नळीतून दोन-दोन मिलीलिटर दूध सोडणं ही सगळी हातांची कामं आहेत. शिवाय रुग्ण स्वतः कमावत नाही. त्याचा विमा नसतो, त्याची बचत नसते. त्याचे आईवडील जेमतेम विशी-पंचविशीतले असतात, कमाईच्या अगदी पहिल्या पायरीवर. आणि आईला खाटेशेजारी बसावं लागतं म्हणून तिचा रोज बुडतो तो वेगळाच. जिथं खर्च सर्वाधिक तिथं फेडण्याची ताकद सर्वांत कमी. हे जमाखर्चाचं कोडं बाजार सोडवू शकत नाही. ते सोडवायला कुणीतरी तिसऱ्यानं यावं लागतं.

परळमध्ये हा तिसरा कोण, हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ठरलं. आचार्य दोंदे मार्गावर बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे. ते १९२९ साली सुरू झालं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९२६ साली, शेजारी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं होतं आणि त्याच वर्षी केईएम रुग्णालयाचे दरवाजेही उघडले होते. पुढे १९४१ मध्ये टाटा रुग्णालय आलं. आज तिथं हातात केसपेपर आणि खांद्यावर मूल घेऊन रस्ता ओलांडणारी गर्दी दिसते. तेव्हा तिथं भोंग्यावर चालणारं गिरणगाव होतं.

वाडिया हे मुळात जहाजं बांधणारं घराणं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला गोदी बांधायला आले. त्यांच्याच वंशातल्या नौरोसजींनी १८७९ मध्ये बॉम्बे डाइंग सुरू केली. त्यांच्या पत्नी जेरबाई आणि मुलगे कुसरो व नेस यांनी मुंबईत पारशी कुटुंबांसाठी बागा, म्हणजे घरांच्या वसाहती बांधल्या. नेस आणि कुसरो यांनी आईवडिलांच्या नावानं ही दोन रुग्णालयं उभारली आणि ती सर्व जातीधर्मांसाठी उघडी ठेवली. गिरणीच्या नफ्यातून गिरणी कामगारांच्या मुलांसाठी खाटा आल्या. त्या नफ्यात त्याच कामगारांचा घाम होता, हेही तेवढंच खरं. दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच ती इमारत पाहावी लागते.

त्या काळची मुंबई बाळांसाठी किती घातक होती हे आज समजून घेणं अवघड आहे. १९२१ साली शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त अर्भकं दगावल्याची नोंद आहे. हा आकडा थोडा फुगलेला आहे, कारण पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर माहेरी जात. जन्माची नोंद तिकडे व्हायची किंवा व्हायचीच नाही, आणि परत आल्यावर मूल गेलं तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यात पडायचा. ही सूट दिली तरी जे उरतं ते अंगावर काटा आणणारं आहे. चाळीतल्या एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं, कोंदट हवा, दूषित पाणी, विकतचं नासकं दूध. आई पाळीला गेली की बाळ रडू नये म्हणून त्याला अफू घातलेली बाळगोळी चाटवायची रीत होती. ती क्रूर होती असं मी म्हणणार नाही. दहा तास खात्यात उभ्या राहणाऱ्या बाईपुढे दुसरा मार्ग काय होता?

याच परळमध्ये, पोयबावडीच्या बीआयटी चाळीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई राहत होते. त्यांना पाच मुलं झाली. त्यातला एक यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू गेली आणि शेवटी १९२६ च्या जुलैत राजरत्न गेला. परदेशातून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर आणि त्याच्या घरातली चार मुलं लहानपणीच गेली. हे आठवलं की वरचे आकडे कागदावर राहत नाहीत. दोन वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देणारं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलायला उभे राहिले. त्यांचा मुद्दा असा की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. या खर्चाचा मोठा वाटा खरं म्हणजे सरकारनं उचलायला हवा, कारण लोकांचं हित जपणं हे मुळात सरकारचं काम. तरीही बाईच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकाला यातून पूर्ण मोकळं सोडता येणार नाही. १९२९ मध्ये तो कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. त्याच वर्षी, त्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, जेरबाई वाडिया रुग्णालय सुरू झालं. माझ्या मते या दोन गोष्टी एकाच विचाराच्या आहेत. मूल जगवण्याचा खर्च हा त्या घराचा खाजगी खर्च नाही, असं या शहरानं दोन वेगवेगळ्या दारांतून मान्य केलं.

रुग्णालयाच्या बाबतीत मान्य केलं ते करारानं. वाडियांनी इमारत दिली आणि रुग्णालय चालवण्याच्या खर्चात महापालिका आणि सरकार वाटा उचलतील अशी व्यवस्था झाली. यात एक फार मोठं शहाणपण होतं. दान एकदाच येतं. इमारत, यंत्र, दारावरची कोनशिला या गोष्टी एकदा केल्या की होतात. पण सिस्टरचा पगार दर महिन्याला लागतो, प्राणवायू रोज लागतो, चादरी रोज धुवाव्या लागतात. रात्री तीन वाजता वॉर्डात जागी असणाऱ्या मावशींच्या नावानं सहसा कुणी देणगी देत नाही. तो खर्च करातूनच निघू शकतो.

नेमकी हीच गोष्ट दूर लंडनमध्येही घडली. १८५२ मध्ये दहा खाटांवर सुरू झालेलं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचं बालरुग्णालय जवळजवळ शंभर वर्षं देणग्यांवर चाललं. चार्ल्स डिकन्सनं त्यासाठी लेख लिहिला, पुढे निधी उभारायला जाहीर वाचन केलं. १९२९ साली, म्हणजे वाडिया रुग्णालयाच्याच वर्षी, जे. एम. बॅरी यांनी ‘पीटर पॅन’चे सगळे हक्क या रुग्णालयाला देऊन टाकले आणि त्यातून किती पैसा मिळतो हे कधी उघड करू नये एवढीच इच्छा ठेवली. १९८८ मध्ये ब्रिटिश संसदेनं खास तरतूद करून त्या नाटकाचं मानधन ब्रिटनमध्ये या रुग्णालयाला कायमचं मिळेल असं केलं. कधीच मोठा न होणारा एक मुलगा इतर मुलांच्या उपचारांना हातभार लावतो, याहून सुंदर देणगी मला माहीत नाही. पण एवढी देणगी असूनही ते रुग्णालय १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवेत सामील झालं. रोजचा उपचार सार्वजनिक पैशातून आणि संशोधन, नवी इमारत, पालकांची राहण्याची सोय यांसाठी देणगी, अशी तिथली विभागणी आहे. आपल्याकडे १९४६ मध्ये भोर समितीनं पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांपासून वंचित राहू नये, असं लिहून ठेवलं होतं. विचार तोच होता, रस्ता मात्र आपण फार हळू चाललो.

आता सार्वजनिक पैसा रुग्णालयात येतो कुठून कुठून ते पाहू, कारण यात बरेच गोंधळ होतात. एक प्रकार योजनेचा. राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली की त्या शस्त्रक्रियेचं ठरलेलं पॅकेज रुग्णालयाच्या खात्यात जमा होतं. हे फार मोलाचं आहे. देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर १०० रुपयांपैकी ६४ रुपये २०१३-१४ मध्ये लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये हा आकडा ३९ वर आला, त्यात सरकारी खर्च वाढल्याचा मोठा वाटा आहे. दुसरा प्रकार कायद्यानं घातलेल्या अटींचा. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या. तिसरा प्रकार अनुदानाचा आणि वाडियासारखं रुग्णालय उभं असतं ते मुख्यतः त्यावर.

पॅकेज आणि अनुदान यांत एक बारीक पण जीवघेणा फरक आहे. पॅकेज आलेल्या रुग्णाचे पैसे देतं. अनुदान तयारीचे पैसे देतं. रात्री दोन वाजता निळं पडलेलं बाळ घेऊन कुणी येईल तेव्हा पेटी गरम असावी, डॉक्टर जागा असावा, रक्तपेढीत रक्त असावं. ते बाळ त्या रात्री आलंच नाही तरी ही तयारी ठेवावी लागते. न आलेल्या रुग्णाचं बिल करता येत नाही. मुलांचे पुष्कळसे आजार असे की त्यात शस्त्रक्रियेसारखा एक ठळक प्रसंग नसतोच. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला यावं लागतं, ते जन्मभर. अपस्माराच्या मुलाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. पॅकेजच्या चौकटीत हे नीट बसत नाही. ते बसतं पगारपत्रकात, म्हणजे अनुदानात.

असं रुग्णालय फक्त आपल्या कंपाउंडच्या आत काम करतं असं समजणंही चूक आहे. त्याची मुळं लांबवर पसरलेली असतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याची डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्मात्याची पथकं गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकतात. हृदयाला भोक असलेल्या मुलाच्या छातीत ठोक्यांच्या मध्ये एक सळसळ येते. ती ऐकणारा कान आणि ती ऐकू आल्यावर मूल पाठवायची जागा या दोन्ही गोष्टी असतील तरच त्या कार्यक्रमाला अर्थ. त्याच्याही आधी, बाळ जन्मल्यापासून पहिल्या बेचाळीस दिवसांत आशाताई घरी ठरलेल्या दिवशी फेऱ्या मारते, वजन करते, ताप बघते. ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून सिद्ध केली आणि मग ती देशभर गेली. आशाताईच्या पिशवीतला वजनकाटा, अंगणवाडीपर्यंत गेलेली गाडी आणि परळच्या ऑपरेशन थिएटरमधला दिवा एकाच तारेवर आहेत. जन्मतः एकमेकांना जोडलेल्या जुळ्यांना वेगळं करण्याच्या शस्त्रक्रिया वाडियात झाल्या आहेत. वर्तमानपत्रात येतात त्या. पण मला त्या तारेचं कौतुक अधिक वाटतं, कारण ती रोज चालू असते.

सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं एक उदाहरण इथं सांगायलाच हवं. हे महापालिकेचं रुग्णालय, शेजारी धारावी. १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं तिथं मातृदुग्धपेढी सुरू झाली, आशियातली पहिली. आईला दूध येत नाही किंवा आईच अतिदक्षता कक्षात आहे, अशा नाजूक बाळांना डब्यातल्या पावडरीचं दूध सोसत नाही, त्यांची आतडी सुजतात, कधी सडतात. मग दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध गोळा करायचं, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवायचं, तपासायचं आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवायचं. देणाऱ्या बाया कोण? त्याच वॉर्डातल्या, धारावी-चुनाभट्टीच्या बाळंतिणी. ज्यांच्या स्वतःच्या ताटात काय पडतं याची चिंता करावी त्या बाया अनोळखी बाळासाठी दूध काढून देतात. मात्र त्या दुधाला फ्रीझर लागतो, त्या फ्रीझरला चोवीस तास वीज लागते, आणि तपासायला पगारी तंत्रज्ञ लागतो. माणुसकी बायांनी पुरवली, थंडावा महापालिकेच्या बजेटनं. या दोहोंतलं एक काढलं तर दुसरं वाया जातं.

आता २०२० चा जानेवारी. वाडियाच्या दोन्ही रुग्णालयांचं महापालिका आणि राज्य सरकार यांच्याकडचं येणं सव्वादोनशे कोटींच्या वर गेलं, असं व्यवस्थापनाचं म्हणणं होतं. पगार अडले, औषधं संपत आली. नवे रुग्ण घेणं थांबलं, होते त्यांना घरी पाठवायला सुरुवात झाली. कर्मचारी आणि रुग्णांचे नातेवाईक रस्त्यावर आले. गिरणगावात बंद दरवाजा ही गोष्ट माहीत नसलेलं घर नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी कायमची मिटली. तिथं टॉवर आले. त्या सगळ्या पडझडीत रुग्णालयं मात्र उभी होती. त्यामुळे वाडिया बंद होणार ही बातमी परळ-लालबागला दुसऱ्या मृत्यूसारखी लागली.

दुसऱ्या बाजूचंही म्हणणं होतं. मंजुरी न घेता खाटा वाढवल्या, हिशेबात शंका आहेत, असं महापालिकेचं मत होतं. सार्वजनिक पैसा देताना हिशेब मागणं चूक नाही, तो मागायलाच हवा. पण हिशेबाचा वाद चालू असताना वॉर्ड चालू राहिला पाहिजे, एवढं तरी दोघांनी धरून ठेवायला हवं होतं. काही दिवसांत ४६ कोटी रुपये देण्याचं जाहीर झालं, २२ महापालिकेचे आणि २४ राज्याचे. जनहित याचिका उच्च न्यायालयात पोहोचली तेव्हा न्यायमूर्तींनी सरकारला विचारलं की दादरच्या इंदू मिलमधल्या आंबेडकर स्मारकाचा पुतळा उंच करायला पैसा असतो, आणि बाबासाहेब ज्यांच्यासाठी जन्मभर झटले त्या माणसांनी उपचारांविना राहायचं का? हे ऐकून मला १९२८ चं ते भाषण आठवलं. त्या भाषणातलं म्हणणं आणि हा प्रश्न यांच्यामध्ये ब्याण्णव वर्षं आहेत आणि अंतर दादर ते परळ एवढं.

त्याच वर्षी, २०२० मध्ये, महाराष्ट्रात हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू होते १६, देशात २८. शहराच्या त्या थोड्या फुगलेल्या सहाशेवरून राज्याच्या सोळावर. एका शतकात. लस, स्वच्छ पाणी, आयांचं शिक्षण, आशाताई, दवाखाने असे हजारो धागे त्यात आहेत आणि ते बहुतेक सगळे कुणाच्या ना कुणाच्या करातून विणले गेले. मानवाच्या इतिहासातलं इतकं मोठं काम इतक्या गुपचूप झालेलं क्वचितच सापडेल.

जे मूल वाचतं त्याचं पुढे काय, हा प्रश्न मात्र अजून उघडा आहे. आपण सुरुवातीला ज्या बाळाबद्दल बोललो तशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या जन्माच्या वेळी अर्धवटच वाढलेल्या असतात. बाहेर आल्यावर, जास्त प्राणवायू मिळाल्यावर, त्या वेड्यावाकड्या वाढू लागतात आणि पडदा सुटू शकतो. १९४० आणि ५० च्या दशकांत श्रीमंत देशांत पेट्यांमध्ये भरपूर प्राणवायू देऊन वाचवलेली हजारो मुलं अशी आंधळी झाली. आज यावर इलाज आहे. चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासायचे, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बिघाड गंभीर दिसला तर दोन-तीन दिवसांच्या आत लेझर करायचं. मूल जन्मभर बघू शकतं. त्यासाठी दर आठवड्याला वॉर्डात येणारा नेत्रतज्ज्ञ हवा, फोन करून आईला तारखेची आठवण देणारं कुणीतरी हवं, आणि तलासरीहून येण्याजाण्याचं भाडं हवं. पैसा आटला की सर्वांत आधी हीच कामं सुटतात, कारण ती चुकली तरी त्या दिवशी कुणी दगावत नाही.

आणि इथंच अनुदानाची आजची रीत मला पटत नाही. आधी रुग्णालयानं खर्च करायचा, मग तूट मांडायची, लेखापरीक्षण व्हायचं, फाईल फिरायची, आणि वर्ष उलटल्यावर रक्कम यायची. डोळ्याच्या पडद्याला चार आठवड्यांची मुदत असते. फुप्फुसाला तर काही तासांचीच. रुग्णालयाच्या वार्षिक खर्चाचा बारावा हिस्सा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आगाऊ जमा करावा, आणि हिशेबात जे कमी-जास्त निघेल ते पुढच्या वर्षीच्या हप्त्यातून वळतं करावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. दर वर्षी फेब्रुवारीत मांडल्या जाणाऱ्या महापालिकेच्या अर्थसंकल्पात आणि त्यानंतर महिनाभरात येणाऱ्या राज्याच्या अर्थसंकल्पात अनुदानाच्या रकान्यासमोर रकमेबरोबर तारखाही लिहिल्या, तर एवढं होऊ शकतं.